बेचाळिसावं नाव

सात वर्षं माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड एकच होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एक मराठी वाक्य: हिला साधं वाचतासुद्धा येत नाही. मधे जागा न सोडता, सलग, आणि शेवटी एक आकडा. रोज सकाळी कामाला बसलं की आधी हे वाक्य बोटांनी लिहायचं, मग दिवस सुरू. ऑफिसात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे. तेव्हा मी शेवटचा आकडा एकानं वाढवायचे. वाक्याला हात लावला नाही.

हे वाक्य माझ्या कॉलेजातल्या सरांचं. त्यांनी ते माझ्या वडिलांना सांगितलं, माझ्यासमोर. आणि माझ्या वडिलांनी ते ऐकून हात जोडले. ते जोडलेले हात मला परत हवे होते. पुढं जे काही केलं ते त्यासाठी केलं.

केलं ते तसं किरकोळच. एका संगणकीय भाषेच्या मूळ लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबत सगळ्यांना आपोआप मिळणाऱ्या भागात, फाइल वाचणारं एक फंक्शन होतं. ते चुकत होतं. ते मी दुरुस्त केलं. त्याचे कुणी पैसे देत नाही. ऑफिसातले लोक विचारतात, का केलंस, तर मी म्हणते, सगळ्यांच्या उपयोगाचं होतं म्हणून. हे खोटं नाही, पण खरं कारणही नाही.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या पुढं. धरणाच्या कालव्यातून एक चारी आमच्या शिवारात येते आणि रब्बीला त्या चारीवर चौऱ्याहत्तर जणांचं भिजतं. बाबा तिथले पाटकरी. कुणाची पाळी कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, कुणाचं दार उघडायचं, कुणाचं बंद करायचं, हे त्यांचं काम. पाणी सुटायच्या आदल्या सकाळी सगळे चारीच्या तोंडाशी जमतात. बाबा चपला काढून काठावर उभे राहतात, रजिस्टर उघडतात आणि यादी पुकारतात. पुकारताना नाव कधी तोडत नाहीत. माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि शेवटी खूण: बोरीजवळचा, मळ्यावाला, नाल्यापलीकडचा. आमच्याकडे एकाच नावाची दोन-दोन माणसं आहेत, आणि एकाच्या पाळीत दुसऱ्यानं पाणी घेतल्यावरून पूर्वी डोकी फुटलेली आहेत. ज्याचं नाव पुकारलं त्याचंच पाणी, हा नियम. म्हणून दुसराही नियम: पुकारताना एक जरी नाव सुटलं, तरी पाटकऱ्यानं पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करायची. उभ्यानं. लोक त्याची वाटच पाहत असतात. बाबा जरा अडखळले की मागून कुणीतरी ओरडतं, "पयल्यापासून!" आणि सगळे हसतात. बाबाही हसतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. याचं श्रेय माझ्यापेक्षा आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडमचं आहे. शाळेत संगणक नव्हता, तर त्यांनी कुठून तरी एक मोडका कीबोर्ड आणला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. आम्ही आळीपाळीनं त्यावर टाइप करायचो आणि मॅडम बोटांकडे बघून चूक सांगायच्या. पुढं मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा त्यांनी त्यांचा जुना लॅपटॉप मला दिला. "परत नको देऊ, वापर," म्हणाल्या. त्यांचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. सरांचं मात्र फेडायचं ठरवलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. मी पाणीपाळीचा केला. बाबांची यादी फाइलमधून वाचायची आणि कुणाची पाळी कधी ते छापायचं, एवढंच. यादी मी मराठीतच टाइप केली, कारण बाबांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत आणि हा प्रोग्राम चारीवर त्यांनीच वापरायचा होता. आधी वीस नावं घेऊन पाहिलं, चाललं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पूर्ण चौऱ्याहत्तर घेऊन पाहिलं, तेही चाललं. बाबा म्हणाले, "मीबी येतो. यादी माही हाये, मले पाहू दे कसं पुकारते तुहं मशीन."

सकाळच्या एसटीनं निघालो. बाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि रजिस्टर फडक्यात बांधून घेतलं होतं. मोताळा गेल्यावर त्यांनी विचारलं, "सतरा नंबरले खूण लिवली का?"

"नाही लिहिली. तुमच्या रजिस्टरातच नाही."

"रजिस्टरात नसली तरी माह्या तोंडात हाये. सतरा अन् त्रेसष्ट, दोघायचं नाव येक, बापाचं येक, आडनाव येक. त्रेसष्टले 'बोरीजवळचा' हाये. सतराले 'पाटाखालचा' लिव."

"बाबा, परीक्षेत काय फरक पडते त्यानं?"

"आज नाई पडत. उद्या गावात चालवशीन तवा पडीन ना व बाई. मंग दोघं येकाच दारावर कुदळी घेऊन."

राजूर घाटाची वळणं सुरू झाली होती. मांडीवर लॅपटॉप धरून मी तो एक शब्द टाइप केला आणि फाइल ठेवून दिली. पुन्हा चालवून पाहिलं नाही. एका शब्दानं काय होणार?

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात. बाबांना ते फार आवडलं. "इथंबी काढते का? बरं हाये," म्हणाले आणि अनवाणी बाहेरच्या बाकावर बसले. पालकांना आत यायची परवानगी नव्हती.

आत आमचे सर आणि बाहेरून आलेले एक परीक्षक होते. सर पुण्याकडचे. पहिल्या वर्षापासून आमच्या बोलण्याची नक्कल करायचे, आणि आम्हीही हसायचो, कारण सर हसले की हसायचं असतं. मी प्रोग्राम सुरू केला आणि घाईत घरच्यासारखं बोलून गेले, "सर, प्रोग्राम आता यादी वाचून राह्यला."

"राह्यला का?" सर म्हणाले. "मग राहू दे. आपण पुढं जाऊ."

परीक्षक हसले. पडद्यावर नावं येत होती आणि मग थांबली. काही चूक दाखवली नाही, बिघाडाचा संदेश नाही. एक्केचाळीस नावं आणि खाली 'यादी संपली'.

"यादी किती जणांची?" सरांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"हे किती?"

"एक्केचाळीस."

"बाकीचे वाहून गेले का पाण्यात?"

"सर, काल सगळे आले होते."

"परीक्षा आज आहे."

"सर, दहा मिनिटं द्या, मी बघते काय झालं."

"काय बघणार? फाइल वाचणं पहिल्या वर्षाला शिकवतात. ते ज्याला जमत नाही त्याच्या हातून पुढचं सगळं कसं जमलं? उचलून आणलंय हे कुठून तरी. थांबवा आता."

त्यांनी मला दहा मिनिटं दिली असती, किंवा स्वतः दोन मिनिटं दुसरी फाइल लावून पाहिली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. परीक्षक घड्याळ बघत होते. सरांनी कागदावर शेरा लिहिला आणि चहाला बाहेर निघाले. मी त्यांच्या मागून गेले. बाबा बाकावरून उठून उभे राहिले.

"तुम्ही हिचे वडील का? काका, मुलीला शिकवताय ते चांगलं आहे. पण हिला साधं वाचतासुद्धा येत नाही. प्रोजेक्ट कुठून तरी उतरवून आणलाय."

बाबांनी रजिस्टर काखेत धरलं आणि दोन्ही हात जोडले. "चुकलं साहेब," म्हणाले. "माफ करा."

सर मान हलवून गेले. बाबांनी चपला पायात घातल्या नाहीत. हातात घेऊनच जिना उतरले. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मी त्यांच्या अनवाणी पायांकडे. घाट उतरताना वाटलं होतं की आता काहीतरी विचारतील. विचारलं नाही. मी एवढंच समजले की बाबांनी सरांवर विश्वास ठेवला. साहेब बोलले म्हणजे खरं. पोरगी खोटी.

प्रोजेक्टात नापास झाले. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी निकालावर अवलंबून होती, ती गेली. सहा महिने घरी होते. त्याआधी बाबा चारीवर सगळ्यांना सांगायचे, "आमची बाई कॉम्प्युटरची इंजिनिअर होऊन राह्यली." ते सांगणं बंद झालं. मला रागानं काही बोलले नाहीत, उलट जेवताना माझ्या ताटात भाजी जास्त वाढायला आईला खुणावायचे. त्याचाच मला जास्त राग यायचा. सहा महिन्यांनी मी तीच यादी इंग्रजी अक्षरांत टाइप केली, खुणा काढल्या, बापांची नावं काढली, आणि प्रोग्राम सुरळीत चालला. त्याच सरांनी सही केली. "आता कसं," म्हणाले. माणसांची नावं तोडून मी पास झाले. घरी आल्यावर लॅपटॉपचा पासवर्ड बदलला, तो हा.

पुण्याला नोकरी लागली. जवळजवळ सहा वर्षं काही झालं नाही. मग एका कामात मराठीत लिहिलेले पत्ते अर्धवट येऊ लागले. हजार पाठवले तर कधी सहाशे यायचे, कधी पूर्ण यायचे. शेजारी बसणारा म्हणाला, "फाइल खराब आली असेल, सोड." मला ती एक्केचाळीस नावं आठवली. दुपारच्या सुट्टीत मी मॅडमच्या त्या जुन्या लॅपटॉपवरून उचलून ठेवलेला प्रोजेक्ट काढला. एक अक्षर न बदलता चालवला. एक्केचाळीस. मग सतराव्या ओळीतलं 'पाटाखालचा' काढलं. चौऱ्याहत्तर. परत घातलं. एक्केचाळीस.

तीन वेळा केलं. चौथ्यांदा डोळ्यांना दिसेना म्हणून थांबले.

दोष माझ्या प्रोग्राममध्ये नव्हता. ज्या भाषेत तो लिहिला त्या भाषेच्या वाचणाऱ्या फंक्शनमध्ये होता. ते फंक्शन फाइल एकदम वाचत नाही, ठरावीक मापाची बादली बुडवावी तसं भरून-भरून वाचतं. इंग्रजी अक्षराला बादलीत एक जागा लागते, मराठी अक्षराला तीन. भरताना कधीकधी एखादं अक्षर नेमकं काठावर येतं: एक भाग या बादलीत, दोन भाग पुढच्या. खरं तर तो तुकडा जपून ठेवायचा आणि पुढच्या बादलीत जोडायचा. हे फंक्शन तसं न करता तो तुकडा बघून ठरवायचं की फाइल इथं संपली, आणि मुकाट्यानं परत यायचं. वीस नावांत बादली भरतच नव्हती, म्हणून चाललं. आदल्या दिवशी नशिबानं काठावर कोणतंच अक्षर तुटत नव्हतं. 'पाटाखालचा' घातल्यावर पुढचं सगळं थोडं सरकलं आणि बेचाळिसाव्या नावातलं एक अक्षर काठावर आलं.

या भाषेचा सगळा कोड उघडा असतो, कुणीही वाचू शकतो. मी तो भाग शोधून काढला. चुकीच्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानं इंग्रजीत टीप ठेवली होती. तिचा अर्थ असा: प्रत्यक्षात इथं कधी कुणी येणार नाही.

त्या माणसाला मी ओळखत नाही. पण त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याला बाबांच्या चारीवर नेऊन गुडघाभर थंड पाण्यात उभं केलं असतं.

मी तक्रार नोंदवली. भाषेची देखभाल करणारे लोक परदेशात असतात. त्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की आमच्याकडे असं घडत नाही, तुमची फाइलच खराब असावी, आणि तक्रार बंद केली. खरं सांगते, मला आनंद झाला. लगेच मान्य केलं असतं तर मी निमूट घरी गेले असते. आता भांडायला माणूस मिळाला होता.

त्याच सुमारास ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी गावी आले. रोज सकाळी सहा ते नऊ हे काम करायचे, मग ऑफिसचं. आई चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता विचारायची, "सकाळी सकाळी कोणाशी भांडून राह्यली व?"

"एकानं यादी वाचताना नावं सोडली, आई."

"मंग बाबाले सांग. पयल्यापासून म्हणतीन."

बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि चारीवर निघून जात. यादी, प्रोजेक्ट, कॉलेज, यातला कोणताही शब्द निघाला की ते उठतात, हे मला माहीत होतं. मी मनात म्हणायचे, थांबा. सर स्वतः येऊन सांगतील तुम्हाला.

आठ महिने लागले. आधी मी सर्वांत लहान फाइल तयार केली, जिच्यात चूक दरवेळी घडते, आणि ती त्या माणसाला पाठवली. त्यानं तक्रार पुन्हा उघडली. मग मी दुरुस्ती पाठवली. ती परत आली, कारण तिनं वाचण्याचा वेग कमी होत होता. दुसरी पाठवली. तीही परत आली: फाइल खरंच अर्धवट अक्षरावर संपली असेल तर माझं फंक्शन पुढच्या बादलीची वाट बघत बसून राहायचं. ती चूक माझी होती. मी कबूल केली. तिसरी दुरुस्ती फक्त अकरा ओळींची होती, आणि ती त्यांनी घेतली. 'प्रत्यक्षात इथं कधी कुणी येणार नाही' ही टीप मी स्वतःच्या हातानं पुसली. ती पुसताना जे सुख झालं तसं निकालाच्या दिवशीही झालं नव्हतं.

त्या परदेशी माणसानं खाली दोन ओळी लिहिल्या: तुझं बरोबर होतं. मी फाइल नीट न बघता तक्रार बंद केली, माफ कर.

त्याच्यावर मी आठ महिने चिडले होते आणि त्यानं दोन ओळींत माझा राग काढून घेतला. म्हणजे हे इतकं सोपं असतं. मग सरांवरचा राग दुप्पट झाला.

दुरुस्तीसोबत चाचणीसाठी एक फाइल द्यावी लागते. पुढं कुणीही ते फंक्शन बदललं की आधी त्या फाइलवर चालवून पाहतात. मी चौऱ्याहत्तर जणांची यादी दिली. नावं मनानं रचलेली, गावातली खरी नाहीत, पण प्रत्येकाला बापाचं नाव, आडनाव आणि खूण. सतराव्याला पाटाखालचा.

मग मी स्वतःहून कॉलेजला कळवलं की मी शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायला येते. बोलावण्याची वाट बघितली नाही. सर आता विभागप्रमुख होते. त्यांचा निरोप आला, 'अभिमान वाटतो, अवश्य या.' मी आठ पानांचं सादरीकरण तयार केलं. सातव्या पानावर एकच वाक्य ठेवलं. कोणतं ते सांगायला नको.

बाबा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "तुम्ही नाही आले तर मी पण जात नाही." तेव्हा निघाले. रजिस्टर न्यायचं का म्हणून विचारलं नाही, पण काखेत फडकं दिसलं.

तीच लॅब. चपला बाहेर. या वेळी बाबांना आत पहिल्या रांगेत खुर्ची दिली. सर उभे राहून मुलांना म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. हिचा प्रोजेक्ट माझ्याच मार्गदर्शनाखाली झाला." मी हसले. सात वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी दहा मिनिटं जड नसतात.

मी जुना प्रोग्राम भाषेच्या जुन्या आवृत्तीवर चालवला. एक्केचाळीस. नव्या आवृत्तीवर चालवला. चौऱ्याहत्तर. मग बादलीचं समजावून सांगितलं, फळ्यावर चित्र काढलं, तुटलेलं अक्षर दाखवलं. मुलं मन लावून ऐकत होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज आला.

"म्हंजे 'पाटाखालचा' लिवलं म्हणून नाई बिघडलं?"

मला आधी कळलंच नाही. बाबांनी खुर्चीच्या कडेला हात धरला होता. "त्या दिवशी यष्टीत म्या सांगतलं, लिव म्हणून. आदल्या दिवशी तं चांगलं चाललं होतं. मले वाटे, माह्याच शब्दानं बिघडलं. तुहं वर्ष गेलं, नोकरी गेली."

म्हणून हात जोडले होते. सरांवर विश्वास ठेवला म्हणून नव्हे. स्वतःची चूक समजून जोडले होते, आणि सात वर्षं मला तोंड दाखवायची चोरी झाल्यासारखे उठून जात होते. मी त्यांना काय समजत होते!

"नाही बाबा," मी म्हटलं. "नाव पूर्ण लिहिलं ते बरोबरच होतं. वाचणारं चुकीचं होतं. दुनियेत कुठंही, कुणाचंही नाव तिथं तुटलं असतं."

"मंग माही चूक नाई?"

"नाही."

"तुहीबी नाई?"

"नाही."

बाबांनी मान हलवली आणि खुर्चीला धरलेला हात सोडला. मी सातवं पान लावलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ते वाक्य आलं. मुलं हसली. मागून एक पोरगा म्हणाला, "कोण म्हणलं व्हतं मॅडम असं?" मी फक्त सरांकडे पाहिलं, आणि पाहत राहिले. हळूहळू सगळी मुलं तिकडे बघायला लागली.

सरांनी घसा साफ केला. "तेव्हा जरा गैरसमज झाला असेल, काका," ते बाबांना म्हणाले. "वेळ कमी असतो परीक्षेत."

बाबा उठले. ते फार सावकाश आणि फार आदबीनं बोलतात. पाटावर कुदळ उगारलेल्या माणसाशीही तसंच बोलतात. "गैरसमज नाई साहेब. यादी अर्धी राह्यली व्हती. एक्केचाळीसवर तुम्ही थांबवा म्हणले. आमच्यात नाव सुटलं का पुकारणाऱ्यानं पयल्यापासून पुकारा लागते." त्यांनी फडकं सोडलं आणि रजिस्टर सरांपुढं धरलं. "पुकारा."

"आत्ता?"

"चपला तं काढेलच हायेत."

सर हसून प्रसंग टाळायला बघत होते, पण चाळीस मुलं गप्प बसली होती आणि बाबांचे हात पुढंच होते. या वेळी ते जोडलेले नव्हते. शेवटी सरांनी रजिस्टर घेतलं आणि वाचायला लागले. नाव, बापाचं नाव, आडनाव, खूण. आमची आडनावं त्यांच्या जिभेला वळत नव्हती. दहाव्या नावाला घाम आला. विसाव्याच्या पुढं त्यांनी वेग वाढवला, आणि एकोणतिसावं नाव सुटलं.

"येक सुटलं, साहेब," बाबा हळूच म्हणाले. ते रजिस्टर बघत नव्हते. त्यांना यादी पाठ आहे. "पयल्यापासून."

मागच्या बाकावरचा तोच पोरगा, बहुतेक आमच्याच बाजूचा असावा, त्याच्या तोंडून निघून गेलं, "पयल्यापासून!" आणि अख्खी लॅब हसली. सरांच्या वर्गात आजवर सर हसले की आम्ही हसायचो. त्या दिवशी उलटं होतं.

सर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. बेचाळिसावं नाव आलं तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. चौऱ्याहत्तर नावं पूर्ण झाली, रजिस्टर मिटलं, आणि सर माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "मी तेव्हा बघायला हवं होतं. चुकलं माझं."

"बरं," बाबा म्हणाले. रजिस्टर घेतलं, फडक्यात बांधलं. 'असू द्या साहेब' म्हणाले नाहीत. मी त्याचीच भीती धरून बसले होते.

परतताना त्यांनी जिन्याच्या आधीच, दारातच चपला घातल्या. एसटीत विचारलं, "त्या परदेशातल्या यादीत सतराले खूण ठेवली ना?"

"ठेवली."

"राहू दे." मग घाट उतरला. मोताळ्याला शेजारी एक ओळखीचे बसले, तर त्यांना म्हणाले, "आमची बाई. कॉम्प्युटरची इंजिनिअर हाये."

दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलावा असं मनात आलं. नवं वाक्यही सुचलं होतं. पण कामाला बसले आणि बोटं जुनंच लिहून मोकळी झाली. शेवटचा आकडा एकानं वाढवला आणि तसंच ठेवलं. सरांनी चूक बाबांपाशी कबूल केली आहे. माझ्यापाशी अजून नाही.